शेवटचा वाचणारा

निकानोर पोमा सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसू लागला त्याला पाच महिने झाले होते. त्या पाच महिन्यांत ग्रिसेल्दा बाईंनी त्याला एकदाही ‘या, बसा’ म्हटलं नव्हतं.

तशी म्हणायची गरजही नव्हती. विलाकोता गावात शाळा समितीचं अध्यक्षपद कुणी मागून घेत नाही आणि कुणाला नाकारताही येत नाही. घरामागून घर पाळी येते. ज्याची आली त्यानं ती वर्षभर ओढायची. शहरातून आलेले मास्तर सोमवारी ट्रकमधून उतरले का, शुक्रवारच्या आत पळाले का, वर्गात शिकवतात की मोबाइल बघत बसतात, एवढं बघायचं आणि महिनाअखेरीस त्यांच्या हजेरीच्या कागदावर सही करायची. आधीचे अध्यक्ष दारातून डोकावत, सही ठोकत आणि आपल्या लामांच्या कळपामागे निघून जात. निकानोर मात्र भाषेचा तास लागला की आत येऊन बसे.

गावात तो सांगे, "त्या बाईवर नजर ठेवायला पाहिजे. दक्षिणेकडची आहे, द्राक्षाच्या मळ्यातली. तिला आपली थंडी सोसत नाही, आपली माणसं काय सोसणार?"

खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. बावन्नाव्या वर्षापर्यंत तो अंगठा उठवत होता. मग गावात मोठ्यांचे साक्षरतेचे वर्ग आले आणि तो अक्षरं शिकला. पण अक्षरं सुटी सुटी ओळखीची झाली म्हणून ओळ ओळखीची होत नाही. जत्रेत सगळे ओळखीचे चेहरे दिसावेत आणि कोण कुणाबरोबर आलंय तेच कळू नये, तसं त्याचं व्हायचं. बाई फळ्यावर वाक्य लिहून करणारा कोण, केलं काय, कुणाला केलं असं सोडवून दाखवत, तेव्हा त्याला ते गुंतलेल्या दोराच्या गाठी सुटाव्यात तसं वाटे. तो हे कबूल करणार नव्हता. कपाळाला आठ्या घालून, टोपी मांडीवर ठेवून तो पहारेकऱ्यासारखा बसे आणि मनातल्या मनात पोरांबरोबर गाठी सोडवी.

दोघांचं बिनसलं ते उपमेच्या तासाला.

बाई म्हणाल्या होत्या, "पुस्तकातला समुद्र नको. तुमच्यातल्या एकानंही समुद्र बघितलेला नाही. रोज बघता त्यातलं सांगा. अमुक कशासारखं?"

पोरांना तेवढंच पाहिजे होतं. मुख्याध्यापकांचं पोट गाभण मेंढीसारखं झालं, शाळेचा पत्रा म्हातारीच्या दातांसारखा वाजायला लागला. मग रुफिनो उठला. तेरा वर्षांचा, जिभेला हाड नसलेला. वडीलधाऱ्याला लावतात तसं ‘ताता’ लावून तो म्हणाला, "ताता निकानोर वाचतात ते चिखलात रुतलेल्या ट्रकसारखं. चाक फिरतं, ट्रक तिथंच."

वर्ग हसून लोळला. निकानोरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाई रागावतील म्हणून तो थांबला. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "उपमा झकास आहे. पण वर्गात बसलेल्या माणसावर करायची तर आधी त्याला विचारावं. बस खाली." आणि वळून त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. त्याचं नाव तेवढं गाळलं. तो ट्रक दोन दिवस फळ्यावर रुतून होता.

त्या महिन्याची सही निकानोरनं आठ दिवस केली नाही.

"ताता, कागद," बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. थंडीनं त्यांचे ओठ फुटले होते. "सही गेली नाही तर जिल्ह्याच्या कचेरीत माझी गैरहजेरी लागते."

"बघू. चाक फिरतंय अजून."

बाईंनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. "माझ्या वर्गात तुमच्याएवढा मोठा विद्यार्थी नाही," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्याएवढा रुसका पण नाही."

"मी विद्यार्थी नाही. मी तुमच्यावर नेमलेला माणूस आहे."

"मग नेमल्यासारखं दारात उभं राहा. बाक कशाला अडवता?"

नवव्या दिवशी त्यानं सही केली. बाक सोडला नाही.

बाईंचे वाचनाचे दोन नियम होते. उत्तर दिलं की ते मजकुरात कुठं आहे त्यावर बोट ठेवून दाखवायचं. आणि वर्गातला शेवटचा माणूस वाचून कागद पालथा घालत नाही तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. चलाख पोरं उत्तरं ओरडून टाकत आणि बाकीच्यांचं वाचणंच थांबे, म्हणून त्यांनी हा दुसरा नियम केला होता. शेवटचा कोण, हे आता सगळ्यांना पाठ झालं होतं. पोरं पाय हलवत, नखं कुरतडत, रुफिनो तोंडानं हलकेच ट्रकचा आवाज काढे. निकानोरचं बोट ओळीखालून सरकत राही.

आता हद्दीच्या दगडांचं.

निकानोरच्या बापानं मरताना शेत दोन पोरांत वाटलं होतं. वरची बाजू निकानोरला, खालची इलारियोला. मध्ये हद्दीच्या चार खुणा, दगड रचून चुना फासलेल्या. इलारियो तीन वर्षांपूर्वी छातीत दुखून गेला. मागं त्याची बायको सेनोबिया आणि मुलगी बेनिता. बेनिता याच सातवीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. इलारियो गेल्यावर पहिल्या पेरणीला, सगळं गाव तालुक्याच्या बाजाराला गेलेलं असताना, निकानोरनं भर दुपारी चारही खुणा एक सरी खाली सरकवल्या. दुसऱ्या पेरणीला आणखी एक. गेल्या पेरणीला तिसरी. एकेका सरीनं कुणाच्या डोळ्यांत काही येत नाही. तो मनाशी म्हणे, जमीन बापाची, भाऊ माझा, सेनोबिया उद्या माहेरी निघून गेली तर परक्याच्या घशात जायची. हे बोलणं त्याला पटत आलं होतं. फक्त शेताकडे जाताना सेनोबिया दिसली की तो लांबूनच मोठ्यानं हाक मारू लागला होता, "काय सेनोबिया, बरं आहे ना?" पूर्वी तो नुसती मान हलवायचा.

ऑगस्टमधला शेवटचा मंगळवार होता. पत्र्यावर दहिवर गोठलेलं. बाईंनी स्वतःच्या हातानं लिहून कागद काढले होते. बेनितानं ते वाटले. निकानोरनं बोट पहिल्या शब्दाखाली ठेवलं.

‘दोन शेतं शेजारी होती. मध्ये दगडांची हद्द होती. एका वर्षी खालच्या शेताचा मालक वारला.’

त्याचं बोट थांबलं. मग पुढं गेलं.

‘पुढच्या पेरणीला दगड थोडे खाली सरकले. त्याच्या पुढच्या पेरणीला आणखी थोडे. दगडांना पाय नसतात. वरच्या शेताचा मालक मात्र त्या विधवेला आता पूर्वीपेक्षा मोठ्यानं नमस्कार करू लागला.’

खाली प्रश्न होते. पहिला, शेतं किती होती? दुसरा, दगड कुणी सरकवले? कागदावर कुठंच लिहिलेलं नाही, तरी तुम्हाला कशावरून कळलं? तिसरा, तो मोठ्यानं नमस्कार का करू लागला?

त्यानं ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचलेलं खरं वाटेना. बाजाराच्या दिवशी कोण मागं राहिलं होतं? कुणी बघितलं? बेनितानं? तिनं बाईंना सांगितलं? त्यानं मान वर केली.

अख्खा वर्ग त्याच्याकडे बघत होता.

छत्तीस डोळे. रुफिनो हनुवटी हातावर टेकून बघत होता. बेनिता बाकावरून पूर्ण मागं वळून बघत होती. कुणी हसत नव्हतं. कुणी बोलत नव्हतं. बाई फळ्याला टेकून, हाताची घडी घालून त्याच्याकडेच बघत होत्या.

तो उठला. बाक मागं भिंतीवर आपटला.

बाई म्हणाल्या, "उत्तर देणार? छान. बोट ठेवा."

"कुणी सांगितलं तुला?"

"काय?"

"बोट कुणावर ठेवायला लावतेस गं, टवळे? पोरांच्या हातात कागद देऊन गावाच्या माणसाची अब्रू काढतेस? हे व्याकरण तुझं?"

"ताता, तोंड सांभाळा. हा वर्ग आहे."

"शुक्रवारच्या ट्रकनं तू जाणार. आणि सोमवारच्या ट्रकनं परत येणार नाहीस. निकानोर पोमानं सांगितलं म्हणून लिहून ठेव." त्यानं कागद चुरगाळून खिशात कोंबला आणि निघाला. दारातून त्याला मागं रुफिनोचा आवाज आला, "यांना झालं काय?" त्याला वाटलं, कार्टं नाटक करतंय.

विलाकोतानं याआधी दोन मास्तर हाकलले होते. गावसभेत ठरलं, इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं गेलं आणि जमलेल्यांच्या सह्या-अंगठे पडले की जिल्ह्याची कचेरीसुद्धा काही करू शकत नाही. निकानोरनं दोन दिवसांत घर न घर पालथं घातलं. बाई पोरांना चुगल्या शिकवतात. आपल्या घरातलं, शेतातलं कागदावर लिहून घेतात. आज माझं, उद्या तुमचं. लोकांनी माना डोलावल्या. बाहेरच्या बाईबद्दल वाईट ऐकायला फार समजावावं लागत नाही. बाई जाईपर्यंत बोलणं बाईंवरच राहील, दगडांवर येणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

गुरुवारी दुपारी शाळेच्या पटांगणात गाव बसलं. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका चात्यांवर लोकर कातत. गावप्रमुख ताता फेलिसियानो मधोमध, अंगावरच्या लाल पोंचोवर तिरका चाबूक. बाई एकट्या उभ्या होत्या. त्यांना कुणी बसायला कातडं दिलं नव्हतं. शाळेच्या भिंतीला पोरं चिकटली होती.

"तक्रार कुणाची?" फेलिसियानो म्हणाला.

"माझी. या बाईनं माझ्यावर कागद लिहिलाय."

"कागद आणलाय?"

निकानोरनं चुरगाळलेला कागद मांडीवर सपाट केला. तक्रारीचा कागद सभेत मोठ्यानं वाचायचा, आणि तक्रार करणाऱ्यानंच वाचायचा, अशी तिथली रीत. येत नसेल तर वहीवाला वाचतो. वहीवाल्यानं हात पुढं केला. "दे इकडं, दादा, मी वाचतो. लवकर होईल."

‘लवकर होईल’ हेच त्याला झोंबलं. बायकांच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलंही.

"मला वाचता येतं," निकानोर म्हणाला.

तो उभा राहिला. सवयीनं बोट ओळीखाली गेलं. "दोन... शेतं... शे-जारी... होती."

वहीवाल्यानं वाचलं असतं तर ते एका दमात संपलं असतं आणि लोकांनी आधी ठरवून आणल्याप्रमाणे हात वर केले असते. निकानोरच्या वाचण्यात दोन शब्दांच्या मध्ये वेळ होता, आणि त्या वेळात लोक विचार करत होते. ‘खालच्या शेताचा... मालक... वारला’ इथं दोन-चार माना बायकांकडे वळल्या. ‘दगड... थोडे... खाली’ इथं चात्या थांबायला लागल्या. त्याला ते ऐकू आलं. चात्यांची घरघर एकेक करून बंद पडत होती. पण आता मध्येच थांबला असता तर वाचता येत नाही म्हणून थांबला असं झालं असतं. तो वाचत गेला. शेवटच्या ओळीपर्यंत.

फेलिसियानोनं बाईंकडे मान वळवली. "हे कुणाचं लिहिलंय?"

"माझ्या मावशीच्या गावचं," बाई म्हणाल्या. "तिथं द्राक्षं होती, मी साधं शेत केलं, पोरांना कळावं म्हणून. तुमच्या शेतांच्या हद्दी कुठून कुठं जातात ते मला माहीत नाही. मी पाच महिने इथं आहे, मला कुणी घरात बोलावून पाणीसुद्धा दिलेलं नाही. मला कोण काय सांगणार होतं?"

"खोटं बोलते!" निकानोर ओरडला. "वर्गात सगळी पोरं माझ्याकडं टकमका बघत होती. सगळी! त्यांना विचारा. काय ठरवलं होतं ते विचारा."

"ए, इकडं ये," फेलिसियानोनं रुफिनोला बोट केलं. "तुम्ही त्यांच्याकडं का बघत होता?"

रुफिनो पुढं आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची जीभ अडखळली. "ते वाचत होते."

"मग?"

"बाईंचा नियम आहे. शेवटच्याचं वाचून झाल्याशिवाय बोलायचं नाही. ते रोजच शेवटचे असतात. आम्ही रोजच बघतो." त्यानं निकानोरकडे चोरून बघितलं. "मला मधल्या सुट्टीत खेळायला जायचं होतं, म्हणून मी जरा जास्त बघत होतो."

पुरुषांच्या बाजूला हसू फुटलं. फुटलं आणि अर्ध्यात थांबलं.

"तुला वाटलं का, गोष्ट यांची आहे?"

"नाही. मी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘वरच्या शेतवाल्यानं’ असं लिहिलं. ते बरोबर आहे ना, बाई?"

पटांगणात वाऱ्यानं पत्रा तेवढा वाजत होता.

मग सेनोबिया उठली. तिच्या हातात चाती तशीच होती, धागा अर्धवट. ती जोरात बोलली नाही.

"भावजी, मी तर कधी तुमच्यावर संशयसुद्धा घेतला नव्हता. गेल्या साली बटाटा कमी आला, मी म्हटलं थंडीनं खाल्ला. त्याच्या आदल्या साली कमी आला, मी म्हटलं बी वाईट होतं." तिनं चाती खाली ठेवली. "कुठले दगड हो?"

निकानोरच्या हातात कागद होता आणि बोट अजून ‘नमस्कार’ या शब्दाखाली होतं.

"चला," फेलिसियानो म्हणाला. "फावडी घ्या."

हद्द घालताना दगडांच्या खाली कोळसा आणि फुटक्या मडक्याची खापरं पुरतात. वरचं कुणीही हलवेल, म्हणून खाली. निकानोरला हे माहीत नव्हतं असं नाही. बापानं हद्द घातली तेव्हा मडकं त्याच्यासमोरच फोडलं होतं आणि चार खड्ड्यांत खापरं टाकायचं काम धाकट्या इलारियोला दिलं होतं. पहिल्या खुणेचे दगड हलवल्यावर तो फावडं घेऊन उभाही राहिला होता. माती काढली की इलारियोनं ठेवलेलं खापर हाताला लागणार, आणि ते काही त्याच्यानं झालं नव्हतं. त्यानं वरून माती लोटली आणि निघून गेला.

आता गाव भोवती उभं राहिलं आणि चुना फासलेल्या खुणेखाली खणलं. नुसती माती. मग वरच्या बाजूला एकेक सरी खणत गेले. तिसऱ्या सरीला दोन हात खोल काळा कोळसा निघाला. बेनितानं गुडघ्यावर बसून हातानं उकरलं आणि मडक्याचा कान बाहेर काढला. तिनं तो फ्रॉकला पुसला. कुणाला दाखवला नाही, काकाला तर नाहीच. आईच्या हातात दिला.

चारही ठिकाणी तसंच निघालं. दगड निकानोरनंच उचलून परत लावले, गाव बघत असताना. एकानंही हात लावला नाही. जेवणाला नेहमीप्रमाणे लांब कापड अंथरलं, घराघरांतले उकडलेले बटाटे, वालाच्या शेंगा, चीज त्यावर ओतलं. निकानोरच्या बायकोनं ओतलेल्या बटाट्यांकडे कुणाचा हात गेला नाही. ते तसेच गार झाले.

मग वही आली.

वहीवाल्यानं शाईची डबी पुढं सरकवली. फेलिसियानोनं ती मागं सारली. "याला लिहिता येतं. अंगठा चालायचा नाही. काय केलं ते आणि कुणाला केलं ते, सगळं स्वतःच्या हातानं."

निकानोरनं पेन घेतलं. वही दगडावर ठेवून तो ओणवा झाला. एकेक अक्षर काढून, थांबून, पुन्हा काढून. लोक जागचे हलले नाहीत. लेकुरवाळ्या बायका पोरं झोपवत बसल्या. तो शेवटची ओळ पुरी करीपर्यंत अख्खं गाव थांबलं.

लिहून झाल्यावर तो म्हणाला, "शाळेची पाळी माझ्याकडून काढून घ्या. दुसऱ्याला द्या."

"पाळी वर्षाची असते," फेलिसियानो म्हणाला. "अजून चार महिने आहेत. कुणाला सुटली नाही, तुला कशी सुटेल?"

बाई इतका वेळ बाजूला उभ्या होत्या. त्यांनी पिशवीतून हजेरीचा कागद काढून त्याच्यासमोर वहीवरच ठेवला. "पेन हातात आहेच," त्या म्हणाल्या. त्यानं सही केली. बाईंनी ती वाळेपर्यंत फुंकली. "टवळे म्हणालात मला. पोरांसमोर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते वहीत लिहायचं राहिलं. असू दे. मला वहीत लिहिल्याशिवाय पण लक्षात राहतं."

त्या शुक्रवारच्या ट्रकनं गेल्या आणि सोमवारच्या ट्रकनं परत आल्या.

सोमवारी भाषेच्या तासाला निकानोर दारात उभा राहिला. दारातच उभं राहून वेळ काढावा असं त्याला फार वाटलं. पण नेमणूक म्हणजे नेमणूक. उभा राहिला तरी बघतीलच, बसला तरी बघतीलच. तो मागच्या बाकावर जाऊन बसला आणि टोपी मांडीवर ठेवली.

बेनितानं कागद वाटले. त्याच्यापाशी आली तेव्हा तिनं तो बाकावर उलटा टाकला, अक्षरं खाली डोकं वर पाय, आणि न थांबता पुढं गेली. निकानोरनं कागद फिरवून सरळ केला. विहिरीवर गेलेल्या एका लामाची गोष्ट होती. त्यात शेत नव्हतं, दगड नव्हते. त्यानं पहिली ओळ वाचली, मग दुसरी. आजूबाजूला एकेक कागद पालथा पडत गेला. रुफिनोनं ट्रकचा आवाज काढला नाही. तो काढता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या ओळीवर त्यानं मान वर केली. छत्तीस डोळे त्याच्यावर होते. मंगळवारी होते तसेच. यावेळी ते का बघत होते, हे कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"आम्ही थांबलोय, ताता," बाई म्हणाल्या.

त्यानं बोट पुढच्या शब्दाखाली नेलं.